पांढऱ्या अस्वलाचे गाऱ्हाणे

ज्याने हिमात राहणाऱ्याला चरबी दिली, उन्हात राहणाऱ्याला घाम दिला आणि ज्याचे वस्त्र त्यालाच शोभेल असे जग रचले, त्या परमेश्वराला आणि आमच्या गावाची राखण करणाऱ्या देवी सातेरीला प्रथम वंदन करतो. आज संकष्टी आहे, उपवास आहे, आणि गेल्या शनिवारी आमच्या गावच्या प्राथमिक शाळेचे स्नेहसंमेलन झाले त्याविषयी लिहायला मी बसलो आहे. उपवासाच्या दिवशी मनात क्रोध ठेवू नये, असे मला पाठशाळेत शिकवले गेले. मी जप केला, स्नानानंतर पुन्हा केला. क्रोध गेला नाही. तेव्हा तो कागदावर उतरवणे हाच एक मार्ग उरला.

निवृत्तीनंतर मी दर गुरुवारी या शाळेत जातो. मुलांना स्तोत्रे सांगतो, गोष्टी सांगतो, आणि बाईंना हव्या त्या विषयात हातभार लावतो. बाई म्हणजे शाळेतील शिक्षिका. त्या ख्रिस्ती आहेत, वयाने माझ्या मुलीएवढ्या, आणि पहिली-दुसरीचे दोन्ही वर्ग एकाच खोलीत सांभाळणाऱ्या. नाताळच्या सुट्टीनंतर त्यांनी मला विचारले, थंड प्रदेशातील प्राणी कसे जगतात, हा भाग तुम्ही घ्याल का. मी आनंदाने होकार दिला. ईश्वराच्या योजनेचे एवढे उघड दर्शन दुसऱ्या कोणत्या पाठात घडते?

अडचण एकच होती. आमच्या मुलांना थंडी ठाऊक नाही. पौषातल्या सकाळी खोबरेल तेल बाटलीत गोठते आणि बाटली उन्हात ठेवावी लागते, एवढीच मालवणच्या किनाऱ्यावरची थंडी. मी तिथूनच सुरुवात केली. गोठलेली बाटली वर्गात नेली आणि विचारले, हे तेल थंडीने घट्ट झाले, मग ज्या देशात समुद्रच गोठतो तिथले प्राणी का गोठत नाहीत? एका मुलाने विचारले, "आजोबा, त्येंका थंडी वाजणा नाय?" दुसऱ्याने त्याला खोडून काढले, "वाजता, पण सांगतले कोणाक?" सगळा वर्ग हसला, आणि पाठ सुरू झाला.

पुढच्या गुरुवारी बर्फ आणला. आणला म्हणजे दुसरीतल्या एका मुलीच्या आईने पाठवला. ती बंदरावर मासे घेऊन बाजारात विकते. तिच्या पेटीतला बर्फ मुलीने डोक्यावरून आणला. बर्फाला मासळीचा वास होता. मी जन्मभर त्या वासापासून दूर राहिलेला मनुष्य, परंतु मुलांना तो जाणवलाही नाही आणि मलाही थोड्या वेळाने जाणवेनासा झाला. घमेल्यात बर्फाचे पाणी केले. एका प्लास्टिकच्या पिशवीत डालडा भरला, त्यात दुसरी पिशवी घातली, आणि प्रत्येकाला सांगितले, एक हात उघडा बुडव, एक हात या पिशवीत घालून बुडव. उघडे हात किंचाळत बाहेर येत होते. डालड्यातले हात आत राहत होते. बर्फ आणणाऱ्या त्या मुलीने हात कितीतरी वेळ आत ठेवला आणि शांतपणे जाहीर केले, "माझ्या हातान स्वेटर घातल्यान."

ही मुलगी लहानखुरी, दात पडलेली, आणि विचारात पडली की वेणीचे टोक चावणारी. पांढऱ्या अस्वलाच्या केसांखाली काळी कातडी असते आणि कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, हे मी सांगितले तेव्हा ती वेणी चावत होती. काही प्राणी सगळा हिवाळा बिळात निजून काढतात, असे म्हटल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आमची होडी पावसात निजता तशी." पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून माडाच्या विणलेल्या झापांनी झाकून ठेवतात, ते तिने पाहिलेले. मी इतकी वर्षे शिकवले, मला ही उपमा सुचली नव्हती. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर जे कुरव पक्षी थव्याने बसतात ते थंड देशांतून आलेले असतात, हेही सांगितले. थंडी सोसवत नाही तो जागा सोडतो, सोसवते तो अंगावर चरबी धरतो, आणि काहीजण निजतात. तिघांनाही बुद्धी देणारा एकच.

तिने शेवटी विचारले, "आणि तां अस्वल हंय इलां तर?"

मी म्हणालो, बाळ, जे कातडे तिथे त्याचा जीव राखते, तेच इथे त्याचा जीव घेईल. आपल्या उन्हात ते कासावीस होईल.

तिने वेणी सोडली. "मगे त्येका सांगा, येव नको म्हणान."

ज्ञान झाले की नाही हे पाहायला मला याहून दुसरी परीक्षा नको होती. परंतु त्या दिवशी दाराशी उभे राहून पाठ ऐकणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना हवी होती. त्यांना वाटले, हा विषय यंदाच्या संमेलनात वेशभूषा करून दाखवावा. मुंबईत राहणाऱ्या एका सद्गृहस्थांनी शाळेला भिंतीवर लावायचा मोठा पडदा भेट दिला होता. ते प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते आणि त्यांना काहीतरी वेगळे दाखवायला हवे होते. कोळीनृत्य त्यांनी पुष्कळ पाहिले असेल, असे अध्यक्षांचे म्हणणे. मी फक्त एवढेच सुचवले की पेंग्विन आणि पांढरे अस्वल पृथ्वीच्या दोन टोकांना राहतात, जन्मात एकमेकांना भेटत नाहीत, आणि हे मुलांना आता ठाऊक आहे. कार्यक्रमपत्रिकेत ते दोघे हातात हात घालून नाचणार होते. अध्यक्ष म्हणाले, गुरुजी, लोकांना कौतुक मुलांचे असते, भूगोलाचे नसते.

मुलांना भूगोल कळला होता, गुरुजनांना तो नको होता. तिथून माझ्या रागाला प्रारंभ झाला, आणि तो अजून लहान होता.

शनिवारी दुपारी मी शाळेच्या आवारात पोहोचलो तेव्हा मांडव घातलेला होता, ध्वनिक्षेपक लावलेला होता, आणि पालक मांडवाच्या सावलीत खुर्च्यांवर बसले होते. मुले मात्र मांडवात नव्हती. ती फाटकापासून रस्त्यापर्यंत दोन रांगांत उभी होती, पाहुण्यांच्या स्वागतासाठी. समोर पश्चिम, समोर समुद्र, आणि त्यावरून तिरपे येणारे ऊन थेट तोंडावर. पेंग्विनांनी पावसाळी काळे कोट उलटे घातले होते. सीलला ट्यूब कापून शिवलेला रबराचा पोशाख होता. आणि सर्वांच्या पुढे, फाटकाच्या तोंडाशी, पांढरे अस्वल उभे होते: गादीच्या स्पंजचे अंग, त्यावर गोंदाने चिकटवलेला कापूस, डोक्यावर पुठ्ठ्याचे तोंड. मागची चेन तुटली होती म्हणून तो पोशाख सकाळी अंगावरच शिवून टाकला होता.

मी जवळ गेलो. पुठ्ठ्याच्या तोंडातून आवाज आला, "आजोबा, अस्वल हंय इलां."

ती विनोद करत नव्हती. तिचा पाठ तिला बरोबर आठवत होता आणि ती तो मला सांगत होती. पुठ्ठ्यातून दिसणारे ओठ पांढरे पडले होते. मी विचारले, पाणी प्यायलीस का? ती म्हणाली, तोंड काढू देत नाहीत, गोंद सुटेल म्हणतात.

मी बाईंकडे गेलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांनी दोनदा सांगून पाहिले होते आणि दोनदा त्यांना गप्प केले गेले होते. त्यांची बदली कोणाच्या शब्दावर होऊ शकते, हे मला आणि त्यांना दोघांना ठाऊक होते. मी अध्यक्षांकडे गेलो. ते भ्रमणध्वनी कानाला लावून उभे होते. मी सांगितले, मुलीला चक्कर येईल, पोशाख काढा. ते ऑफिसात बोलतात तशा शुद्ध मराठीत म्हणाले, "गुरुजी, पाहुणे तळेऱ्याला पोहोचले आहेत. आता किती वेळ लागणार?" तळेऱ्याहून महामार्गाने कसाल, कसालहून मालवणचा रस्ता. किती वेळ लागणार हे या तालुक्यातले शेंबडे पोरही सांगेल: तासाहून अधिक. मी तसे म्हणालो. त्यांनी हात जोडले आणि पाठ फिरवली.

तेव्हा मी मुलीच्या आईकडे गेलो. ती मांडवात पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून, डोक्यात अबोलीचा वळेसर माळून बसली होती. तिला मी सगळे सांगितले. ती उठली, फाटकाकडे पाहिले, आणि पुन्हा बसली.

"गेल्या वर्षी माझ्या चेडवाक झाड केल्यानी," ती म्हणाली. "फांदी धरून सगळ्यांच्या मागे. कोणाक दिसला पण नाय. आसा कोण तां, इचारल्यानी लोकांनी. ह्या वर्षी पयल्या नंबराक आसा. फोटो झालो काय तां कातडां मीच काढतंय, गुरुजी. जरा कळ काढा."

माझा राग तिच्यावर वळू शकला नाही. कापूस तिने स्वतः चिकटवला होता. तिच्या बोटांना अजून गोंद होता. ज्या गावात बाजारवाल्या बाईच्या मुलीला पुढची जागा मिळायला स्पंजची कातडी अंगावर शिवून घ्यावी लागते, त्या गावावर तो राग आला. ते गाव माझे आहे.

मग बातमी आली की पाहुणे कसालला चहा घेत आहेत. मांडवात चुळबुळ सुरू झाली. अध्यक्ष माझ्यापाशी आले आणि म्हणाले, तोवर तुम्ही दोन संस्कृत श्लोक म्हणा, नाहीतर लोक उठून जातील. त्यांनी ध्वनिक्षेपक माझ्या हातात दिला.

इथे परगावच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या भागात लग्न असो, होडी समुद्रात घालणे असो, नाटकाचा प्रयोग असो, आरंभी देवाला गाऱ्हाणे घालतात. एक वडीलधारा माणूस मालवणीत देवापुढे सगळी हकिगत मांडतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे एकमुखाने "व्हय म्हाराजा" म्हणतात. हे उत्तर विचार करून दिले जात नाही. लहानपणापासून जिभेला वळण असते; हात आपोआप जुळतात आणि शब्द तोंडातून निघतो. पण एकदा निघाला की तो देवापुढचा शब्द असतो. तो परत घेता येत नाही, आणि गाऱ्हाणे झाले की कार्य सुरू झाले, मग पाहुणा येवो वा न येवो.

गाऱ्हाणे घालणे माझे काम नव्हे. माझी जीभ पाठशाळेत घडली, मालवणी मी बाजारापुरती बोलतो. परंतु त्या क्षणी मला एकही श्लोक आठवला नाही. मी चपला काढल्या, देवीच्या देवळाकडे तोंड केले आणि म्हणालो, "बा देवा म्हाराजा, गावच्या राखणदारा, आज तुझी लेकरां शाळेच्या अंगणात जमली आसत."

"व्हय म्हाराजा," मांडव म्हणाला. खुर्च्या सरकल्या, लोक उभे राहिले, टोप्या उतरल्या.

"त्येंका शिकयला, थंड देशातल्या जनावराक देवान जाड कातडां दिल्यान, कारण थंय बर्फ आसा."

"व्हय म्हाराजा."

"आणि आमी काय केला, तर तां कातडां त्येंच्या अंगार शिवला आणि त्येंका मालवणच्या उन्हात उभी केली."

"व्हय म्हाराजा," आवाज आला, पण थोडा अडखळून. काहींनी एकमेकांकडे पाहिले. मी थांबलो नाही.

"पावणो कसालाक चाय पिता, म्हाराजा. आणि हंय चेडवाच्या घशाक कोरड पडली."

मांडवात फक्त ध्वनिक्षेपकाची घरघर. मग मागच्या बाजूने एक म्हातारा खलाशी खोकला आणि एकटाच म्हणाला, "व्हय म्हाराजा." त्यामागून आणखी दोघे-तिघे.

"तर म्हाराजा, ज्येनी ह्यां कातडां घातल्यानी, त्येंकाच तां काढूची बुद्धी दी."

या वाक्याला सगळा मांडव बोलला. बाई बोलल्या; त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि "व्हय म्हाराजा" म्हटले. आणि माझ्या शेजारी, हात जोडून, डोळे मिटून, जन्मभराच्या सवयीने, अध्यक्षही बोलले. बोलून गेल्यावर त्यांनी डोळे उघडले.

पहिली पुढे निघाली ती मुलीची आई. ती धावली नाही, सरळ चालत फाटकापाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि पाठीवरची शिवण दातांनी तोडली. आतून मूल निघाले ते पाण्यातून काढल्यासारखे भिजलेले. बाईंनी तिला उचलून विहिरीपाशी नेले, डोक्यावर पाणी घातले, थोडे थोडे पाजले. मुलीला उलटी झाली, आणि मग ती रडली, आणि तिचे रडणे ऐकून मला प्रथमच श्वास आल्यासारखे वाटले. मग इतर आया निघाल्या. पेंग्विनांचे कोट उतरले, सीलचे रबर उतरले. भिंतीपाशी कातड्यांचा ढीग झाला आणि मुले बनियन-चड्डीत सावलीत बसून पाणी पिऊ लागली.

अध्यक्ष माझ्याजवळ आले. आता त्यांची शुद्ध मराठी संपली होती. "गुरुजी, गाऱ्हाणा देवाक घालतत. माणसाक नाय."

"देवालाच घातले," मी म्हणालो. "उत्तर तुम्ही दिलेत."

थोड्या वेळाने पाहुणे आले. गृहस्थ सौम्य होते. त्यांचा यात काही दोष नव्हता, त्यांना कोणी काही कळवलेच नव्हते. त्यांनी विचारले, प्राण्यांचा कार्यक्रम आहे ना, मग मुले अशी कशी? अध्यक्षांनी क्षणभरही न दवडता सांगितले की थंड प्रदेशातले प्राणी उन्हाळ्यात दाट केस गाळतात, तोच प्रसंग मुले दाखवत आहेत. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माहिती खरी होती. तीही मीच मुलांना दिली होती. ज्याने पाठ ऐकूनही ऐकला नाही, त्याला खोटे बोलण्यापुरता तो बरोबर आठवला. मांडवात सगळे हसले. मला हसू आले नाही, आज सहा दिवसांनी लिहितानाही येत नाही.

छायाचित्राची वेळ आली तेव्हा अध्यक्षांना अस्वल हवे होते. त्यांनी दुसऱ्या एका मुलीला पुढे बोलावले आणि तो पोशाख आणायला सांगितले. पोशाख सापडेना. मुलीची आई विहिरीच्या कट्ट्यावर बसली होती, मूल तिच्या मांडीवर निजलेले, आणि ते स्पंजचे कातडे तिने दुमडून स्वतःच्या खाली घेतले होते. दोघे येऊन तिला सांगून गेले. ती उठली नाही. छायाचित्र अस्वलाविना निघाले.

रविवारी सकाळी मी तिच्या घरी गेलो. रात्री थोडा ताप होता, आता नव्हता. मुलगी किनाऱ्यावर होती. वाळूवर बसलेल्या कुरव पक्ष्यांच्या मागे धावत होती आणि ते उठून थोडे पुढे जाऊन पुन्हा बसत होते. आईने मला पायरीवर बसायला पाट दिला, साखर घातलेले कोकमाचे पाणी दिले. मग खाली पाहत म्हणाली, "गुरुजी, बाईंका सांगा. ह्या फुडे माझ्या चेडवाक पुढे उभी करू नको. आमका मागेच बरा."

हे ऐकून जो क्रोध माझ्या मनात उठला तोच अजून बसलेला नाही. शनिवारचा अपराध दुसऱ्यांचा, आणि त्यातून धडा घेतला तो हिने. आणि धडा घेतला तो असा की आपण पुढची जागा मागितली हीच चूक झाली. अध्यक्षांनी पुढच्या वर्षीचा विषय ठरवलाही आहे. त्यांना कोणताही धडा मिळालेला नाही.

मी तिला म्हणालो, बाये, तुझी चूक नाही. तुझ्या मुलीची जागा पुढेच आहे. ज्याला पाठ येतो तो पुढे उभा राहतो, आणि या वर्गात तिच्याइतका तो कोणालाही आला नाही. ती उभी राहील ती साध्या झग्यात. मी आणि बाई तिच्या दोन बाजूंना उभे राहू. ज्याला हलवायचे असेल त्याने आधी आम्हाला हलवावे.

तिने मान वर केली. "खरांच सांगतास?"

मी सांगितले, खरेच. गुरुवारी मुलीला पाठव, मी तिला पहिल्या रांगेत बसवणार आहे. काल गुरुवार होता. मी वर्गात गेलो तेव्हा मुलगी मागच्या भिंतीला टेकून बसली होती. मी तिला हाक मारली, पुढे जागा केली, आणि ती येईपर्यंत पाठ सुरू केला नाही. बराच वेळ लागला. मुले कुजबुजली, बाई दाराशी उभ्या राहिल्या. शेवटी ती उठली, दप्तर ओढत पुढे आली आणि बसली.

हे वाचणाऱ्या सज्जना, तुझ्या घरावर देवी सातेरीची छाया असो. तुझ्या अंगणातल्या लेकराला ऋतूला साजेसे वस्त्र मिळो, तहान लागेल तेव्हा कोणालाही न विचारता पाणी मिळो, आणि त्याने मिळवलेली जागा त्याच्यापासून कोणी न हिरावो. तुझ्या घरातल्या मातेला कधीही आपल्या मुलासाठी मागची रांग मागावी न लागो. तुझे कुटुंब सुखी असो, तुझी चूल पेटती असो, आणि देवापुढे एकदा दिलेला शब्द पाळण्याचे बळ तुझ्या घरातल्या प्रत्येकाला लाभो.